काढले, तपासले, मंजूर

पट्टीताईंच्या शेजारच्या टेबलावर मी दहा वर्षं बसलो. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण आमच्यातले बरेचसे पांगले, आणि उरलेल्यांत त्या आठवड्यात त्यांच्याबरोबर असलेला मी एकटाच. तेव्हा जसं आठवतंय तसं सांगतो.

कंपनी पाण्याचे पंप बनवायची. ताई तिथे ड्रॉइंग विभागात लागल्या. वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्यांचा हॉल होता, चौदा उतरती टेबलं, चौदा माणसं, त्यांत बाई एकटी. हातात कायम दोन फुटी पोलादी पट्टी. येताजाता कोणी त्यांच्या कागदावर कोपर टेकलं की ती पट्टी टेबलाच्या कडेवर खाडकन वाजायची. त्यावरून नाव पडलं आणि पडलं ते पडलंच. पुढे पुढे तर टपालावरही तेच लिहून यायचं.

ड्रॉइंगच्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटा तक्ता असतो. काढले, तपासले, मंजूर. ज्याने चित्र काढलं त्याची अक्षरं पहिल्या ओळीत, ज्याने मापं तपासली त्याची दुसऱ्या, साहेबांची तिसऱ्या. हा कोपरा भरल्याशिवाय कागद टेबलावरून हलायचा नाही. पंप फुटला तर कोणाचा कान धरायचा ते कळायला हवं, असं ताईंना शिकवणारे मुख्य ड्राफ्ट्समन म्हणत. ताईंच्या हाताला ती सवय इतकी जडली होती की घरच्या वाण्याच्या यादीखालीही त्या आपली दोन अक्षरं टाकायच्या.

मग कंपनीत पुनर्रचना सुरू झाली. पहिल्या पुनर्रचनेत ड्रॉइंग विभागच गेला. चित्रं आता बाहेरून, संगणकावरून येणार होती. तेरा जणांना पाकिटं मिळाली. चौदावं पाकीट तयारही होतं, पण त्याच आठवड्यात साहेबांना एक तक्ता हवा होता. नव्या रचनेत कोण कोणाच्या हाताखाली, कोणती चौकट कोणत्या चौकटीला जोडलेली, हे सगळं एका कागदावर.

"सरळ रेघ मारता येते का?" साहेबांनी विचारलं.

"पंधरा वर्षं तेवढंच करतेय," ताई म्हणाल्या.

अशा त्या खालच्या मजल्यावर, कर्मचारी विभागात, माझ्या शेजारी आल्या. मी सेवापुस्तकं सांभाळत असे. कोण कधी लागला, कोणाचं नाव कसं लिहायचं, हे माझ्याकडे. त्यामुळे तक्त्यातली नावं तपासायचं काम माझ्याकडे आलं, आणि ताई मला 'तपासनीस' म्हणू लागल्या. तक्ता पूर्ण झाला की त्या उजव्या कोपऱ्यात काढले, तपासले, मंजूर अशा तीन ओळी आखायच्या, पहिलीत आपली अक्षरं टाकायच्या आणि कागद माझ्याकडे सरकवायच्या.

पहिल्यांदा तो कागद फलकावर लागला तेव्हा खरेदी विभागातला कारकून मोठ्याने हसला होता. "ताई, हे काय? सगळ्यांत आधी स्वतःलाच काढलंत?"

"मीच मला काढून ठेवलंय," ताई म्हणाल्या. "आता दुसरा कोण काढणार?"

त्या वेळी हसायला आलं. नंतर तो शब्द कोणी सहज उच्चारीनासं झालं. 'गेला' म्हणत, 'मोकळा झाला' म्हणत, 'पाकीट आलं' म्हणत. काढलं म्हणत नसत. पुनर्रचनेलाही आम्ही नुसतं 'पुन्हा' म्हणायचो. "पुन्हा येतंय म्हणे." एवढं कोणी जिन्यात म्हणालं की त्या दिवशी डबे अर्धे परत जात.

नऊ वर्षांत पाच 'पुन्हा' झाल्या. पहिला तक्ता मांडायला दोन टेबलं जोडावी लागली होती. पाचवा एका टेबलाच्या अर्ध्यात मावला. साहेब इतक्या वेगाने बदलत की आम्ही त्यांची नावं लक्षात ठेवणं सोडून दिलं, क्रमांकाने ओळखायचो. माणसं कशी दिवस काढत होती हे आता सांगितलं तर खोटं वाटेल. भांडारातला एक जण खण कायम रिकामा ठेवायचा, म्हणजे जाताना पिशवी भरत बसायची वेळ नको. दुसऱ्याने उलट टेबलावर झाडांच्या कुंड्या, फोटो, देव, सगळं मांडलं होतं. इतकं सामान असलेल्या माणसाला हलवायचा कंटाळा करतील असा त्याचा हिशेब. एक बाई तापात यायच्या, कारण रजेवर असलेल्या माणसाची चौकट आधी दिसते असं कोणीतरी सांगितलं होतं. आणि सगळे मिळून ताईंच्या तोंडाकडे बघायचे. कारण ज्या दिवशी ताईंना आत बोलावणं येई, त्या दिवशी नव्या तक्त्याचं काम निघालेलं असे.

"ताई, कागद केवढा मागवलाय?" भांडारातला तो रिकाम्या खणाचा माणूस हळूच विचारायचा. कागद लहान म्हणजे माणसं कमी, एवढं आता सगळ्यांना कळायला लागलं होतं.

"तुमच्या तोंडाएवढा," ताई म्हणायच्या. पण नंतर त्या कागद वर्तमानपत्रात गुंडाळून आणू लागल्या, आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसणं त्यांनी सोडलं. ज्याचं नाव यादीत नाही हे माहीत आहे त्याच्याच समोर बसून त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी कशी करायची? त्या टेबलावरच डबा उघडायच्या, पाच मिनिटांत संपवायच्या. काहींना वाटायचं त्यांना शिंगं फुटली. माझं टेबल शेजारी होतं म्हणून सांगतो, तक्त्याच्या आठवड्यात त्यांच्या डब्यातली निम्मी पोळी परत जायची.

घरी त्यांचे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, पाच वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार चार तास रुग्णालयातल्या मशीनला जोडून घ्यायचे. एकही वार चुकवून चालत नसे. त्याचा सगळा भार कंपनीच्या औषधोपचाराच्या कार्डावर. ताईंची नोकरी गेली की कार्ड गेलं. पण सलग पंचवीस वर्षं झाली की ते कार्ड नवराबायकोला जन्मभर, मग नोकरी असो नसो. ही गोष्ट घडली तेव्हा ताईंची चोवीस वर्षं आणि एक महिना झाला होता. अकरा महिने राहिले होते. एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना मास्तर पलंगावरून म्हणाले, "तपासनीस, रविवार आणि सुट्ट्या वजा केल्या तर दोनशे शहात्तर दिवस." ताई आतून ओरडल्या, "मोजू नका म्हटलं ना! मोजलं की कमी होतात." मास्तर म्हणाले, "व्हायलाच हवेत ना कमी." त्यावर ताईंना हसू आलं, पण पातेलं त्यांनी जोरातच आपटलं.

तर सहावी 'पुन्हा'. या वेळी मुख्य कचेरीने दोन नवे नियम पाठवले. एक, नुसती अक्षरं चालणार नाहीत, प्रत्येक कागदावर तो करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि कर्मचारी क्रमांक हवा. दुसरा, नावांची यादी तीन रकान्यांत करायची. ठेवले, हलवले, काढले. तो शब्द पहिल्यांदाच असा छापून आला. यादी सहाव्या साहेबांनी केली, तक्ता ताईंनी. संगणकावर काढला तरी कोपरा त्यांनी हौसेने आखला होता. काढले, पुढे त्यांचं नाव आणि क्रमांक. तपासले, पुढे माझं नाव आणि क्रमांक. तक्ता यादीला शेवटचं पान म्हणून टाचला आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं पगार विभागात गेलं. यादी ताईंनी पाहिली होती. त्यांचं नाव 'ठेवले'मध्ये होतं. माझंही.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या मागेच चार माणसं सोडून रांगेत होतो. ताईंनी गेटच्या मशीनला कार्ड लावलं. लाल दिवा.

"पुन्हा लावा ताई," गेटवरचे मामा म्हणाले.

लाल.

"उलटं लावलंत का?"

"मामा, सात वर्षं सुलटंच लावतेय."

तिसऱ्यांदा लाल. मागची रांग एक पाऊल मागे सरली. कोणी ठरवून नाही, आपोआप. समोरच्याला काही लागण झालीय असं कळावं आणि पाय मागे यावेत, तसे आम्ही सरलो. मीही सरलो.

मामांना काय करावं कळेना. शेवटी त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. "यात लिहा आणि पास घ्या. कोणाला भेटायचंय ते लिहावं लागतं, नाहीतर मला सोडता येत नाही."

"माझ्या टेबलाला भेटायचंय," ताई म्हणाल्या. आणि मग माझं नाव लिहिलं.

पाहुण्याचा पास दोरीने गळ्यात अडकवायचा असतो. ताईंनी तो स्वेटरच्या आत घातला, वर बटणं लावली आणि आपल्या टेबलावर येऊन बसल्या. मी आलो तेव्हा पेन्सिलीला टोक करत होत्या.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणालो.

"तुमचं लागलं?"

"लागलं."

"मग मशीन बिघडलेलं नाही."

"वर जाऊन विचारू या का?"

"वेडे आहात का?" त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. "शुक्रवारनंतर कोणी मुद्दाम घातलं असेल माझं नाव, तर विचारून काय मिळणार? आणि चुकून बंद झालं असेल, तर मी आपल्या पायाने जाऊन सांगू, साहेब, मला विसरलात का? आठवण होईल ना त्यांना!"

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटलं नाही. तिथे सगळे याच भीतीने जगत होते की आपण दिसलो तर आपली आठवण होईल. मीही मान हलवली आणि सेवापुस्तक उघडलं.

सोमवार आणि मंगळवार ताईंनी आपल्याच खुर्चीवर पाहुणी म्हणून काम केलं. फोन वाजला की पेन्सिल थांबायची. कोणाचे पाय दारापाशी अडखळले की त्या वर न बघता श्वास धरायच्या. गेटवरची बातमी पसरली होतीच. चहाला कोणी बोलवलं नाही. मंगळवारी सकाळी तो खरेदीतला कारकून आला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग त्याची नजर खाली गेली.

"ताई, तुमची खुर्ची फिरती आहे ना?"

"फिरती आहे. पण मी अजून फिरलेली नाही," ताई म्हणाल्या. "फिरले की निरोप धाडते."

तो गेला. ताईंचे कान लाल झाले होते.

दुपारी रुग्णालयातून मास्तरांचा फोन आला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, ताईंचंच ऐकू येत होतं. "चालत नाही म्हणजे? ... काय म्हणाली ती? ... तुम्ही आवाज चढवू नका. फोन द्या तिला. ... हो. ... हो, करते सही, संध्याकाळी येऊन करते. ... गुरुवारपर्यंत." फोन ठेवला आणि बराच वेळ हात त्यावरच ठेवून बसल्या.

"कार्ड बंद दाखवतंय," त्या म्हणाल्या. "मोठ्या सिस्टर ओळखीच्या, म्हणून आजचं केलं. गुरुवारी नाही करणार."

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी, ती टाळली तर बाकीचं खोटं होईल. ताई गेल्यावर मी फायलीतून शुक्रवारच्या कागदांची प्रत काढली. यादी वाचली. काढलेल्यांत त्यांचं नाव नव्हतं. मग शेवटचं पान उलटलं आणि माझी नजर त्या कोपऱ्यावर गेली. काढले, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, क्रमांकासकट. ज्याला ड्रॉइंग ठाऊक नाही, ज्याच्यासमोर मागच्या पानांवर त्याच शब्दाखाली चाळीस नावं आलीत, तो माणूस हे कसं वाचेल? आणि त्याच्याच खाली, तपासले, माझं नाव. म्हणजे ताईंना काढलं, आणि ते मी तपासून बरोबर आहे असं म्हटलं.

कळल्याबरोबर मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. मी फाइल मिटली आणि आपल्या घरी गेलो. चूक उघड झाली तर तपासणाऱ्याला विचारतील, हे माझ्या डोक्यात आधी आलं. त्यांचं गुरुवारचं नंतर आलं.

बुधवारी सकाळी सांगितलं. त्या पास स्वेटरमध्ये घालत होत्या. कागद घेऊन कोपरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्हाला काल कळलं."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्याविषयी पुढेही कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "चला आता. बोलू नका, बोलायला गेलात की तुम्ही त त प प करता. नुसते बरोबर उभे राहा."

पगार विभागात खिडकीपाशी एक नवी मुलगी बसायची, मोठ्या चष्म्याची. तिने क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"मॅडम, तुम्ही शुक्रवारपासून काढलेल्या आहात."

"कोणी काढलं?"

तिने कागद उलटले. मग गोंधळून पुन्हा उलटले. "इथे... तुम्हीच."

"मीच?"

"काढले, पुढे तुमचं नाव आहे. आणि हे," तिने माझ्याकडे पाहिलं, "यांनी तपासलंय."

"अगं, काढले म्हणजे चित्र काढले! तक्ता काढला! रेघा काढल्या मी!" ताईंनी हवेतच रेघ ओढून दाखवली. "काढणाऱ्याने तिथे नाव घालायचं असतं."

मुलीचा चेहरा उतरला. ती वाईट नव्हती. तिलाही लागून तीनच महिने झाले होते, आणि तिच्या आधीची त्याच खिडकीतून गेलेली होती. "मला वाटलं एक नाव मागून वाढवलंय," ती पुटपुटली. "दर वेळी वाढवतातच. माझी चूक आहे हे वर सांगणार का तुम्ही?"

"मला तुझं काही सांगायचं नाही. मला परत आत घाल."

तिने कळा दाबल्या. थांबली. "परत घेता येत नाही. नवीन नेमणूक म्हणून घालता येईल. आजच्या तारखेने."

"आणि माझी चोवीस वर्षं?"

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "ती आधीच्या कर्मचाऱ्याच्या नावावर राहतील."

ताईंनी खिडकीच्या कठड्याला धरलं. आधीचा कर्मचारी म्हणजे त्याच. मी काही बोलणार होतो, त्यांनी हाताने थांबवलं.

"नवीन नको," त्या म्हणाल्या. "नोंद रद्द व्हायला काय लागतं?"

"साहेबांच्या हाताचं. मंजूर म्हणून."

सहावे साहेब वयाने आमच्या निम्मे. टेबलावर काहीच ठेवत नसत, त्यांनाही आपला भरवसा नसावा. ताईंनी कागद समोर ठेवला, कोपरा दाखवला, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आणि त्यांच्या तोंडावर आधी सुटल्यासारखा भाव आला, मग तो गेला. हे मी नीट पाहिलं, कारण माझं काम नुसतं उभं राहायचं होतं.

"अच्छा, असं झालं तर," ते म्हणाले. "मुख्य कचेरीने एक्केचाळीस पदं मागितली होती. माझी यादी चाळिसावर अडकली होती. एक सोमवारी ठरवणार होतो. सोमवारी बघतो तर पगाराच्या संगणकात एक्केचाळीस. मला वाटलं वरूनच कोणी घातलं. मी कळवूनही टाकलं, पूर्ण झालं म्हणून."

"पण ते मी नव्हते," ताई म्हणाल्या.

"नव्हतात. मान्य आहे. पण आता तुमची नोंद मागे घेतली तर माझ्याकडे एक कमी पडतं." त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "ताई, हा सगळा तक्ता तुमच्याइतका कोणालाच ठाऊक नाही. एक पद तुम्हीच सांगा. तुमच्याजागी."

पंख्याचा आवाज येत होता. मी साहेबांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. माझ्याकडे कोणी पाहिलं की नाही मला माहीत नाही, पण त्या खोलीत तिसरी चौकट माझीच होती. नावं तपासणारा माणूस, संगणक आल्यावर ज्याची खरं तर कोणाला गरज नाही. निवृत्तीला चार वर्षं. नऊ वर्षांत ताईंनी एकदाही कोणाचं नाव सुचवलं नव्हतं. दिलं तसं त्या काढायच्या.

"मला रेघा मारता येतात, साहेब," त्या म्हणाल्या. "नावं तुम्ही द्यायची."

"मग तुमचंच राहील."

ताईंनी तक्ता स्वतःकडे ओढून बोट खाली खाली नेलं, अगदी डावीकडच्या टोकाला.

"हे," त्या म्हणाल्या. "दुसरं गोदाम, मोजणीदार."

"हा कोण?"

"होता. तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या जागी कोणी भरलं नाही, पगारही निघत नाही, पण पद मंजूर आहे म्हणून चौकट राहिलीय. तुमच्या आधीच्या साहेबांना मी दोनदा सांगितलं. म्हणाले, दिलंय तसं काढा. मी काढत आले."

त्या माणसाचं सेवापुस्तक मीच बंद केलं होतं. तक्त्यात त्याचं नाव उरलंय हे मला तपासताना एकदाही दिसलं नव्हतं.

"घरी कोणी? कार्डबिर्ड चालू?" साहेबांनी विचारलं.

"एकटाच होता. तेव्हाच विचारून ठेवलंय."

साहेब हसले. "मग झालंच की! मेलेल्या माणसाला काढायला काय हरकत आहे?" आमच्यापैकी कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी पेन उघडलं.

ताई टेबलावर वाकून उभ्या होत्या. "'चुकून' लिहा साहेब. 'रद्द' लिहा. 'सेवा सलग' असं वेगळ्या ओळीत."

"ताई, मला लिहिता येतं."

"येतं ना. तारीख राहिलीय."

पगार विभागातल्या मुलीने तो कागद दोनदा वाचला, कळा दाबल्या, आणि पडदा ताईंकडे वळवला. सगळं शुक्रवारच्या आधीसारखं होतं. लागल्याची तारीख तीच, चोवीस वर्षांपूर्वीची. ताईंनी तारखेवर बोट ठेवून वाचली. मुलगी म्हणाली, "मॅडम, काच पुसावी लागते मला," आणि मग स्वतःच ओशाळली.

परत येताना जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं दम लागला.

"मी मेलेल्याचं नाव दिलं, तपासनीस."

"तो मेलेलाच होता ताई."

"हो. पण ती चौकट नसती तर?"

मी जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत राहिलो.

"ती नसती तर माझं बोट कुठे गेलं असतं ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही असेल." आणि पुढे निघाल्या.

गुरुवारी मास्तरांचं व्यवस्थित झालं. पण ताई पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. गेटवर त्या सगळ्यांच्या आधी यायच्या, रांग लागण्यापूर्वी कार्ड लावून हिरवा दिवा बघायच्या, मग बाहेर येऊन चहा घ्यायच्या. दर सोमवारी पगार विभागाच्या खिडकीत जाऊन "बघ गं एकदा" म्हणायच्या आणि ती मुलगी न बोलता पडदा वळवायची. सातव्या महिन्यात पुन्हा 'पुन्हा'ची हवा उठली, तेव्हा त्यांनी आठवडाभर डबा आणलाच नाही. ती हवा विरली, का विरली कोणालाच कळलं नाही. सहावे साहेब मात्र गेले.

पंचवीस वर्षं पूर्ण व्हायचा दिवस मंगळवार होता. ताईंनी कोणाला सांगितलं नव्हतं, मला ठाऊक होतं. दुपारी चारला वीज गेली आणि परत येईना. पाचच्या सुमारास सातव्या साहेबांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. टेबलं पटापट रिकामी झाली. ताई बसून राहिल्या.

"चला ताई, साहेबांनीच सोडलंय."

"सोडलंय ते तोंडी. अर्धा दिवस धरला तर?"

"कोण धरतंय अर्धा दिवस?"

"मला कोण काढत होतं? तरी काढलंच ना? तुम्ही जा."

मी गेलो नाही. आम्ही त्या अंधारत चाललेल्या खोलीत समोरासमोर बसलो. काम दिसत नव्हतं. ताईंनी समोर एक कोरा कागद घेतला होता, त्यावर पेन्सिल धरून त्या बसल्या होत्या, कोणी आलंच तर काम चालू दिसावं म्हणून. मास्तर रुग्णालयातून सुटून घरी पोचले असतील, काही खाल्लं असेल का, असं एकदा म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात सहा झाले. ताई उठल्या, पिशवी खांद्याला लावली, खुर्ची आत सरकवली. दारापर्यंत गेल्या. मग परत आल्या, खुर्ची बाहेर ओढली आणि पिशवीसकट बसल्या.

"हे घड्याळ पुढे असेल," त्या म्हणाल्या. "अजून पाच मिनिटं बसू या."